चार आणि चारा

"ऐक," काशीद सर म्हणाले आणि त्यांनी एंटर दाबलं.

कंप्युटर बोलला, "गाईला चार मुठी चारा घातला."

"बरोबर आहे ना?"

"काय बरोबर आहे, सर?"

"अगं, चार आणि चारा! चारमधला च वेगळा, चाऱ्यातला वेगळा. आपण ते कुठं शिकायला जात नाही, आपोआप बोलतो. याला कोण शिकवणार? आधी हा चाऱ्यालासुद्धा चहातला च लावायचा. जेवताना खडा लागावा तसं व्हायचं."

मी हसले. माझं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. बार्शीत एका तंत्रनिकेतनात कंप्युटर शिकवत होते आणि दर शनिवारी 'स्वरदीप अंध वाचक मंडळा'त जाऊन तिथला कंप्युटर सांभाळत होते. दोन खोल्यांचं मंडळ, एक बोलका कंप्युटर, आठ-दहा नेमानं येणारे वाचक. काशीद सर म्हणजे मंडळाचा जीव. चौथ्या वर्षी देवीनं त्यांचे डोळे गेले होते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून ते निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी कंप्युटर शिकले. मंडळाच्या कंप्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण पुण्याच्या एका स्वयंसेवकानं तेच बसवून दिलं होतं. पडद्यावरचं सगळं मराठीत वाचून दाखवणारा प्रोग्रामही त्यानंच बसवला होता.

तो प्रोग्राम वाचायचा, पण परदेशातून आलेल्या पाहुण्यासारखा. सरांनी त्याला वळण लावायला घेतलं. चुकलेला शब्द कानावर आला की थांबायचं, त्याचा खरा उच्चार यादीत लिहायचा, पुन्हा ऐकायचा. चोर, चूल, जरा, माझा. इ. स. म्हणजे इसवी सन, क्र. म्हणजे क्रमांक. सहा वर्षांत चार हजार दोनशे शब्द झाले होते. इतर वाचक दुप्पट वेगानं पुस्तकं ऐकायचे ते त्या यादीच्या जिवावर. हा आकडा मला तेव्हा माहीत नव्हता. नंतर कळला.

त्या दिवशी विषय वेगळा होता. मंडळाचं लिनक्स जुनं झालं होतं. रुखसाना मुजावर म्हणून आमची एक वाचक होती, बावीस वर्षांची, जन्मापासून अंध, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिची पुस्तकं ज्या नव्या प्रकारच्या फाइलींत यायची त्या उघडेनात. परीक्षेला सहा आठवडे होते.

"नवी आवृत्ती घालायला लागेल," मी म्हणाले. "माझं म्हणणं, सगळं पुसून पहिल्यापासून टाकू. दोन तासांत चकाचक. वरच्यावर अपग्रेड करत बसलं तर दोन आवृत्त्या ओलांडायच्या आहेत. आपलं नेट बैलगाडीसारखं. सबंध दिवस जाईल."

"जाऊ दे की दिवस," सर म्हणाले. "अपग्रेडच कर. याआधी दोनदा केलंय, कशाला धक्का लागला नाही. पुसायचं नावच काढू नकोस. आणि एक लक्षात ठेव, सगळं होम फोल्डरमध्ये, आपल्या फाइली असतात तिथं, नाही हं. शब्दांची यादी बाहेर आहे, सिस्टिमच्या भागात. त्या पुण्याच्या मुलानं तिथं ठेवलीय."

"हो, हो," मी म्हणाले. मैत्रिणीचा मेसेज आला होता. पुढच्या शनिवारी ती वर्षभरानं बार्शीला येणार होती, साडेतीनच्या गाडीनं.

"मग पुढच्या शनिवारी करशील? मी कुर्डुवाडीला जातोय, संगीताच्या परीक्षेला परीक्षक म्हणून. किल्ली तुझ्याकडे राहू दे."

पुढच्या शनिवारी मी आठ वाजता मंडळ उघडलं आणि अपग्रेड सुरू केलं. पहिला टप्पा साडेबारापर्यंत पार पडला. दुसरा निम्म्यावर आला आणि थांबला. पडद्यावर तांबड्या अक्षरांत चार ओळी उमटल्या. मी त्यांचा मोबाइलवर फोटो काढला, तो ओळखीच्या एकाला पाठवायचा म्हणून. पाठवला मात्र नाही. ओळी नीट वाचल्याही नाहीत. घड्याळात सव्वा वाजला होता.

खरं सांगायचं तर ते अडकलं तेव्हा मला बरंच वाटलं. बघा, मी म्हणत नव्हते?

होम फोल्डर मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. नवी सीडी पर्समध्ये आधीपासूनच होती. पडद्यावर प्रश्न आला, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी हो म्हटलं. सव्वातीनला नवंकोरं लिनक्स उभं राहिलं होतं, होम फोल्डर परत जागेवर होतं, आवाज सुरू होता. मी एक वाक्य वाचून घेतलं. मला ते ठीक वाटलं. मला डोळे होते, मी कधी ऐकलंच नव्हतं.

स्टँडवर जाता जाता सरांना फोन केला.

"झालं का गं?"

"झालं, सर."

"अपग्रेड?"

रस्ता ओलांडत होते. एवढं काय समजावून सांगायचं, असं वाटलं. "हो," मी म्हणाले.

"शाबास. तुझ्यासारखी मुलगी मिळाली हे आमचं नशीब."

मंगळवारी कॉलेज सुटायच्या वेळी सरांचा फोन आला. मंडळात ये म्हणाले, आवाज काही बरोबर वाटेना. गेले तर सर खुर्चीत ताठ बसले होते आणि रुखसाना शेजारी उभी होती. कंप्युटर एक-एक शब्द वाचत होता आणि सरांच्या कपाळावर एक-एक आठी चढत होती.

"यादी सापडत नाहीये," ते म्हणाले. "मी सगळीकडे शोधली. ते फोल्डरच नाहीये."

त्या क्षणी मला आठवलं. 'हो, हो' म्हणालेली मी मलाच दिसले.

"कल्याणी, काय झालं असेल गं?"

मी कंप्युटरसमोर बसले आणि दहा मिनिटं उगाच इकडेतिकडे बघितलं. पुसलं आहे हे मला माहीत होतं. मग बोलले, आणि इतक्या सहज बोलले की आजही नवल वाटतं.

"सर, नव्या आवृत्तीत आवाजाचा प्रोग्रामच बदललाय. अपग्रेड करताना त्यानं जुनं फोल्डर काढून टाकलेलं दिसतंय. असं होतं कधीकधी."

"अपग्रेडनं?"

"हो."

"परत आणता येणार नाही?"

"नाही, सर."

सरांची बोटं टेबलावर पेटीच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी फिरत होती. "म्हणजे मी हट्ट केला म्हणून," ते म्हणाले. "तू तर पहिल्यापासून टाकू म्हणत होतीस. तू यादी आधी काढून घेतली असतीस."

मी म्हणायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नव्हती.

"जाऊ द्या ना, सर," मी म्हणाले.

सोमवारी मंडळाची बैठक असायची. सर उभे राहिले. सभेत उभं राहून बोलायची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी खुर्चीची पाठ धरून उभे होते. म्हणाले, "मंडळी, आपली शब्दांची यादी गेली. तीन वर्षांपूर्वीची एक प्रत माझ्याकडे निघाली, तीत नऊशे शब्द आहेत. बाकीचे गेले. चूक माझी आहे. कल्याणीनं मला योग्य सल्ला दिला होता, मी म्हातारपणच्या हट्टानं ऐकला नाही. तुमचं वाचन बिघडलं, विशेषतः रुखसानाचं, परीक्षेच्या तोंडावर. मी सगळ्यांची माफी मागतो."

त्यांनी हात जोडले. समोर बसलेल्यांतल्या कुणालाच ते दिसत नव्हते. दिसत होते फक्त मला आणि मंडळाचे चिटणीस भणगे यांना.

"सर, वय झालं की होतंच असं," भणगे म्हणाले. "आता यापुढं कंप्युटरचं काय ते मॅडम ठरवतील. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

"बरोबर आहे," सर म्हणाले आणि बसले.

मी मान डोलावली. कुणासाठी डोलावली, देव जाणे.

त्यानंतर सर रोज सकाळी नऊ वाजता यायचे आणि यादी पुन्हा करायला बसायचे. मीही कॉलेज आटोपून जाऊ लागले, आठवड्यातले चार दिवस. लोक म्हणायचे, मॅडम किती करतात मंडळासाठी. मी जुन्या पुस्तकांच्या फाइली उघडायची, कंप्युटर वाचायचा, सर चूक पकडायचे, मी लिहायची. दिवसाला दहा-पंधरा शब्द व्हायचे. रुखसाना याच कंप्युटरनं वाचलेलं मोबाइलमध्ये भरून घेऊन कोपऱ्यात कानांना हेडफोन लावून अभ्यास करायची. पूर्वी ती तासाला चाळीस पानं ऐकायची, आता वीसही होत नव्हती. मध्येच हेडफोन काढून कपाळ चोळत बसायची. कुरकुर कधी केली नाही.

तिची परीक्षा झाली. त्यानंतरच्या एका शनिवारी आम्ही दोघीच होतो.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "मी आता फुरसतीत हा कंप्युटर आतून शिकायला लागलेय. सिस्टिमच्या नोंदी असतात ना, त्या ऐकत होते. त्यात इन्स्टॉलर नावाचं एक फोल्डर आहे. सगळ्या फायलींवर त्या शनिवारची तारीख. दुपारी दीड ते तीन. आणि त्याच्या आधीची एक पण नोंद नाही. अपग्रेड केलं तर जुन्या नोंदी राहतात, असं मी वाचलं."

मी टेबलावरचे कागद जुळवू लागले.

"ताई, ते अपग्रेड नव्हतं ना?"

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस. मी सांगणारच आहे सरांना. जरा वेळ बघून सांगते."

तिनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं होतं. "बरं," एवढंच म्हणाली.

पाच आठवडे गेले. मला वेळ सापडला नाही. त्या काळात एकदा घरी बसून मी मोबाइलमधला तो फोटो उघडला आणि तांबड्या ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. मग फोन पालथा ठेवून दिला.

एका गुरुवारी यादी पंधराशेवर गेली होती. सर 'जग' या शब्दावर अडले होते. दुनिया या अर्थाचा ज वेगळा, 'शंभर वर्षं जग' मधला वेगळा, आणि लिहायचे मात्र सारखेच. पूर्वी त्यांनी यावर काहीतरी तोड काढली होती. आता ती आठवेना. बराच वेळ त्यांनी आठवून पाहिलं आणि मग खुर्ची मागे सरकवली.

"कल्याणी, एक खरं सांगशील?"

"काय, सर?"

"हल्ली माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. मला सारखं वाटतं, मी तुला सांगितलं होतं. यादी बाहेर आहे, होममध्ये नाही, असं. अगदी शब्दन्‌शब्द आठवतो. पण तसं असतं तर तू अपग्रेडच्या आधी तिची प्रत काढलीच असतीस. म्हणजे मी सांगितलं नसणार. माझे वडील सत्तरीत असेच झाले होते, न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणायचे. मी सांगितलं होतं का गं?"

रुखसाना कोपऱ्यात होती. तिनं हेडफोन काढल्याचा आवाज आला.

"मला नाही आठवत, सर," मी म्हणाले. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पुढे म्हणाले, "नसेल सांगितलं."

सरांनी मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. "हां," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं."

मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले. मागोमाग भिंतीला हात लावत रुखसाना आली. तिनं दार ओढून घेतलं.

"ताई, यादी गेली ती गेली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आता त्यांचं डोकं पण पुसताय का?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला. तिला कुणी हात देऊन रस्ता पार करवला तर ती आधी आभार मानायची, अशी मुलगी ती.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी सरांच्या घरी गेले. ते ओसरीवर पेटीचा भाता पुसत बसले होते. त्यांच्या पत्नी चहा ठेवते म्हणाल्या, मी नको म्हणाले. त्या आत गेल्यावर मी सुरुवात केली. थांबले असते तर पुन्हा झालं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. अपग्रेड अडकलं. मी थांबले नाही. पुसलं. नवीन टाकलं. तुम्ही यादीचं सांगितलं होतं, अगदी असंच सांगितलं होतं, मी हो हो म्हणाले होते. तुमची आठवण बरोबर आहे. मी खोटं बोलले, फोनवर, मंगळवारी आणि आज.

सर भाता पुसायचे थांबले होते. फडकं हातातच होतं.

"घाई कसली होती?" त्यांनी विचारलं.

"मैत्रीण येणार होती."

आत भांडं वाजलं. मग त्यांनी वर्गात एखाद्या मुलीला सूर विचारावा तसं विचारलं, "अपग्रेड अडकलं होतं ते सुटलं असतं?"

"हो."

"कसं?"

"एक आज्ञा लिहायची होती. एका ओळीची."

"तुला कशी माहीत?"

"पडद्यावरच आली होती, सर. ही आज्ञा चालवा म्हणून. मी वाचली नाही."

"आणि पुसल्यावर, मंगळवारी जर तू खरं सांगितलं असतंस, तर डिस्कवरून काही परत काढता आलं असतं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. किंवा याच प्रश्नाला घाबरून तीन महिने काढले होते.

"कदाचित," मी म्हणाले. "कंप्युटर तेव्हाच बंद ठेवून पुण्याला नेला असता तर. आपण रोज वापरत राहिलो, त्यामुळे आता नाही."

"रोज वापरत राहिलो," सर म्हणाले. "यादी पुन्हा लिहायला."

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग पुन्हा उलगडली. मी रडत होते, पण आवाज येऊ देत नव्हते. त्यांना तो ऐकू येत असणार.

"मला एकट्याला सांगून काय उपयोग?" अखेर ते म्हणाले. "मी माफी मागितली ती सगळ्यांसमोर. सोमवारी या तुम्ही बैठकीला."

मला 'तुम्ही' म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी मी उभी राहिले. त्या खोलीत मला बघणारे फक्त भणगे होते, आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या, लक्ष देऊन ऐकताना ते नेहमी घालायचे तशा. मी शब्द जुळवून आले होते, ते सगळे विसरले. साधंच सांगितलं. सरांची चूक नव्हती. त्यांनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही आणि मग त्यांच्यावर ढकललं. रुखसानाला गप्प बसायला मी सांगितलं होतं, तिचाही दोष नाही.

मला वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे सर बरोबर होते?" शेजारी म्हणाला, "हां. सर बरोबर होते." एवढंच.

सर म्हणाले, "बसा, मॅडम." मग इतरांना म्हणाले, "चला, आज 'ज' घ्यायचा. रुखसाना, टंकायला तू बस."

ती माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसली. मी भिंतीशी एका स्टुलावर बसले. कंप्युटर वाचू लागला. जत्रा, जांभूळ, जावई, जरीपटका. चुकला की तिघं-चौघं एकदम बोलायचे, हसायचे, एकमेकांना दुरुस्त करायचे. 'जावई'वर तर एकानं आपल्या जावयाचा किस्सा सांगितला. दीड तास हे चाललं. मला कुणी काही विचारलं नाही. जायला कुणी सांगितलं नाही, आणि उठून जायचं मला धैर्य नव्हतं. त्या दीड तासात मी डोळे मिटून ऐकून पाहिलं. कंप्युटर 'जरा' म्हणाला आणि तो चुकला हे मला कळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला ते कानांनी कळलं. तोंडातून "चुकलं" असं निघूनही गेलं.

"ऐकलं आम्ही," रुखसाना म्हणाली आणि टंकत राहिली.

बैठक संपली. मंडळी काठ्या उघडत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत बाहेर पडली. मी सर्वांत शेवटी निघाले. किल्ली टेबलावर ठेवली, तशी सरांनी ती चाचपून खिशात टाकली. माझ्याबरोबर दारापर्यंत आले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी थांबले.

"सांभाळून जा हं," ते म्हणाले. "बाहेर एक पायरी आहे, उंच आहे जरा. नव्या माणसाला अंदाज येत नाही."